वाचक विचारतात: समुद्रात बेट, बेटावर कोळी, पण तो आला कुठून?

मागच्या अंकात घरातल्या किड्यामुंग्यांवर लिहिताना जाता जाता एक ओळ टाकली होती, की समुद्रात नवीन बेट तयार झालं की तिथं आधी पोचणाऱ्यांत कोळी असतो. बस. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की बाकीचा लेख कोणी वाचलाच नाही असं वाटतंय. आपल्याकडून समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं, आणि भुसावळपासून शहाद्यापर्यंत सगळ्यांना बेटांचं कौतुक! मजा आली वाचून. सगळे प्रश्न घेता येणार नाहीत, काही एकत्र केलेत, काहींची भाषा आहे तशीच ठेवलीय. आणि हो, इथं कोळी म्हणजे आठ पायांचा. मासे धरणाऱ्या कोळी बांधवांबद्दल नाही (हा जोक एका वाचकाने आधीच करून झालाय, क्रेडिट त्याला).

प्रश्न: सर, बेटाच्या चारी बाजूंनी शेकडो किलोमीटर खारं पाणी. कोळ्याला पंख नाहीत. मग तो तिथं पोचतो कसा? – बारावी सायन्स, भुसावळ

आधी ती मागच्या वेळची ओळ पूर्ण करतो. इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी ऑगस्ट १८८३ मध्ये फुटला, बेटाचा बराच भाग समुद्रात गेला आणि उरला त्याच्यावर राख न् दगड. नऊ महिन्यांनी, मे १८८४ मध्ये, एका फ्रेंच मोहिमेबरोबर एदमाँ कोतो नावाचा माणूस तिथं उतरला. झाड नाही, पान नाही, शोध शोध शोधलं आणि सापडलं काय तर एक कोळी. एकच. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा, आणि तो काय करत होता तर जाळं विणत होता. अख्ख्या बेटावर दुसरं काही जिवंत दिसत नव्हतं आणि हा पठ्ठ्या दुकान मांडून बसला होता गिऱ्हाईकाची वाट बघत.

आता तो आला कसा. उन्हाळ्यात रुईचं बोंड फुटलं की त्यातल्या म्हाताऱ्या उडतात, लहानपणी आपण सगळेच त्यांच्यामागे पळालोय. कोळ्याची पिल्लं स्वतःची म्हातारी स्वतः बनवतात. गवताच्या टोकावर चढायचं, पायांच्या टोकांवर उभं राहायचं, पोट वर करायचं आणि बारीक तंतू हवेत सोडायचे, तंतूंनी पकड घेतली की पिल्लू वर. ह्याला बलूनिंग म्हणतात. बरीचशी पिल्लं शेजारच्या बांधावर उतरतात, काही फार लांब जातात. १८३२ मध्ये डार्विन बीगल जहाजावर होता, अर्जेंटिनाचा किनारा ६० मैल लांब, आणि जहाजाच्या दोरखंडांवर हजारो बारके लाल कोळी येऊन उतरलेले त्याने पाहिले. पुढे अमेरिकेत विमानांना सापळे लावून हवेतले किडे धरले तेव्हा १५,००० फुटांवरसुद्धा कोळी मिळाला होता. आपलं तोरणमाळ तीन-चार वेळा एकावर एक ठेवा, त्याच्याही वर.

वाऱ्याने उडतात हे जुनं झालं. २०१८ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टल विद्यापीठात एरिका मॉर्ली आणि डॅनियल रॉबर्ट ह्यांनी बारके कोळी एका बंद पेटीत ठेवले जिथं वारा अजिबात नाही, आणि फक्त विजेचं क्षेत्र चालू केलं. कोळी लगेच पायांच्या टोकांवर उभे राहिले, काही तर वर उचलले गेले. स्वीच बंद केला की खाली यायचे. जमिनीपासून वर जाऊ तसं हवेत मीटरमागे साधारण १०० व्होल्टचा फरक असतो, ढगाळ वातावरणात त्याहून बराच जास्त, आणि ते कोळ्याला त्याच्या पायावरच्या केसांतून कळतं. आपल्याला कळत नाही, आपल्याला एकदम वीज पडल्यावरच कळतं.

पण सगळे कोळी उडत नाहीत हेही लिहून ठेव. ऑस्ट्रेलियाच्या कांगारू आयलंडवर एक झाकणवाला कोळी आहे, मॉग्रिजिया, जमिनीत बीळ करून वर झाकण लावून राहतो. आयुष्य जवळपास त्या बिळाच्या दोन-चार मीटरमध्ये काढतो, म्हणजे आमच्या गल्लीतल्या एका आजोबांसारखं. त्याचे सगळे भाऊबंद आफ्रिकेत, मध्ये हिंदी महासागर. लोकांना वाटायचं की जुने खंड तुटून वेगळे झाले तेव्हाच हे कुटुंब दुभंगलं असेल. २०१७ मध्ये डीएनए तपासला तर दोन्हीकडच्यांची फारकत २० लाख ते १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची निघाली, आणि खंड तर त्याच्या कितीतरी कोटी वर्षं आधीच तुटलेले! मग उरतो एकच मार्ग, समुद्रावरून वाहत येणं. तापीला पूर आला की मुळासकट, मातीच्या गड्ड्यासकट अख्खं झाड वाहून जाताना हतनूरच्या खाली बघितलंय ना? त्या गड्ड्यात बीळ करून झाकण लावून बसलेली एक मादी समज.

प्रश्न: भाऊ, आमना वावरमा केळीना घडमा हातना पंजाएवढा कोळी निंघना. व्हॉट्सॲपवर दखाडतस तो ईखारी केळीना कोळी हाऊच शे का? – शिरपूर

नाही. फोटो पाठवलात ते बरं केलं. व्हॉट्सॲपवर फिरतो तो फोन्युट्रिया, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, तिकडच्या केळीबरोबर कधीमधी युरोपात पोचतो म्हणून त्याच्या बातम्या होतात. तुमचा आहे हेटेरोपोडा व्हेनाटोरिया, हंट्समन म्हणतात. जाळं विणत नाही, रात्री पळत जाऊन झुरळं धरतो. मादी असेल तर पोटाखाली चपटी पांढरट टिकली धरून फिरते, ती अंड्यांची पिशवी. मुद्दाम मुठीत दाबला तर चावेल, दुखेल, पण माणसाला त्याच्यापासून धोका नाही. मजुरांना एवढंच सांगा की घड उतरवताना झटकून घ्या. मारू नका, रात्रपाळीचा फुकटचा नोकर आहे तो.

पण भाऊ, तुमचा हा कोळी बेटांच्या गोष्टीत फार महत्त्वाचा आहे म्हणून प्रश्न घेतला. तो मूळचा आशियातला मानतात, आणि माणसाच्या मालाबरोबर, जहाजांतून, केळीच्या घडांतून आज जगातल्या जवळपास सगळ्या उष्ण भागात पोचलाय. हवाईत त्याला केन स्पायडर म्हणतात, कारण तिकडे तो उसात दिसायचा. म्हणजे एखादा संशोधक हजारो मैल जाऊन पॅसिफिकमधल्या बेटावर उतरतो, टॉर्च मारतो, आणि पहिला दिसतो कोण तर शिरपूरवाला! म्हणून बेटावर गेल्यावर पहिलं काम नवीन शोधायचं नसतंच, तिथला कोण आणि बोटीतून उतरलेला कोण हे वेगळं करायचं असतं. हे काम चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

प्रश्न: नवीन प्रजाती सापडली असं पेपरात येतं. नवीन आहे हे ठरवतं कोण, आणि नाव देण्याचा अधिकार कोणाला? ह्यासाठी काही सरकारी खातं आहे का? – शिक्षिका, धुळे

मॅडम, खातं वगैरे नाही, कोणीही ठरवू शकतं, फक्त सगळ्यांसमोर सिद्ध करावं लागतं आणि तिथंच घाम निघतो.

कोळ्यांत रंगावर जायचं नाही, हा पहिला धडा. हवाईत एक थेरिडिऑन ग्रॅलेटर म्हणून कोळी आहे, पाच मिलिमीटरच्या आसपास, पिवळट पोटावर काळे-लाल ठिपके असे की हसरा चेहरा वाटावा, त्याला हॅपी फेस स्पायडरच म्हणतात. पण एकाचा चेहरा हसरा, दुसऱ्याचा रडका, तिसऱ्याचं पोट कोरंच, आणि प्रजाती एकच. उलट असंही असतं की दोन कोळी अगदी जुळे वाटतात आणि निघतात वेगळे. मग बघायचं काय? जननेंद्रियं. सॉरी, पण खरं तेच आहे. नराच्या तोंडाजवळ हातासारखे दोन छोटे अवयव असतात, पल्प, त्यांच्या टोकाची रचना प्रजातीप्रजातीला वेगळी, आणि मादीच्या पोटाखाली त्याला जुळणारी रचना. जुने लोक ह्याला कुलूप-किल्ली म्हणायचे, आता ती उपमा जरा ताणलेली वाटते, पण ओळखायला अजूनही हीच पद्धत. म्हणून पिल्लू सापडलं तर बहुतेक वेळा हात वर करायचे, त्याची किल्ली अजून घडलेलीच नसते. किती वेळा तर असं होतं की नर आणि मादी दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या ठिकाणी शोधले आणि दोन वेगळी नावं ठेवली, पन्नास वर्षांनी तिसरा येऊन सांगतो की अहो हे नवरा-बायको आहेत. मग जुनं नाव राहतं, नवं जातं.

आता डीएनएची मदत घेतात. एका ठरलेल्या जीनचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचतात, दुकानातल्या मालाच्या बारकोडसारखा, आणि इतरांशी ताडून बघतात. त्याने पिल्लंही ओळखता येतात आणि नवरा-बायकोची जोडी पण लागते. पण बारकोड ताडायला आधी कोणीतरी बरोबर ओळखलेला माल दुकानात हवा, नाहीतर कशाशी ताडणार.

वेगळा आहे अशी खात्री पटली की एक नमुना निवडतात, त्याला होलोटाइप म्हणतात. नाव त्या एका कोळ्याला चिकटतं, कायमचं. उद्या भांडण झालं की नेमका कोण, तर ती बाटली काढून बघायची. तो संग्रहालयात ठेवावा लागतो, आपल्याकडे कोलकात्याची झूलॉजिकल सर्व्हे, १९१६ ची संस्था, तिच्याकडे असे ढीगभर आहेत. बरोबर चित्रं आणि वर्णन छापायचं, मग नाव ग्राह्य. स्वित्झर्लंडच्या बर्नमधल्या संग्रहालयातून जगातल्या सगळ्या कोळ्यांचा कॅटलॉग चालतो, एप्रिल २०२२ मध्ये त्याने ५०,००० चा आकडा ओलांडला. पन्नास हजारावा दक्षिण अमेरिकेतला एक उडी मारणारा कोळी होता.

एक गमतीचं सांगतो, शाळेत वापरता येईल. प्राण्यांची शास्त्रीय नावं लिनियस ह्या शास्त्रज्ञाच्या १७५८ च्या पुस्तकापासून मोजतात, त्याआधीची सगळी रद्द. एकच अपवाद, कार्ल क्लेर्क नावाच्या स्वीडिश माणसाचं कोळ्यांचं पुस्तक. ते १७५७ चं, म्हणजे नियमाने बाद व्हायला हवं, पण काम इतकं पक्कं होतं की ते १७५८ मध्येच आलं असं धरायचं ठरलं. म्हणजे कोळ्यांसाठी कॅलेंडर मागेपुढे केलं!

नाव दोन शब्दांचं, आडनाव आधी आणि नाव नंतर, तुमच्या हजेरीपटासारखं. २०२१ मध्ये ठाण्यात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याचं नाव आहे आयशियस तुकारामी. २६/११ ला गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवणारे आपले तुकाराम ओंबळे, त्यांच्यावरून. सचिन तेंडुलकरच्या नावाचा पण एक कोळी आहे, २०१९ चा. स्वतःचं नाव स्वतःच्या कोळ्याला द्यायला नियमाची बंदी नाही, पण तसं कोणी करत नाही. करेल त्याला लोक हसतील.

प्रश्न: कोळी किडा आहे की नाही? मुलाच्या पुस्तकात कीटकांत टाकलाय. – पाचोरा

नाही. कीटकांना सहा पाय, कोळ्याला आठ, आणि मिशा नसतात. विंचू, गोचीड, जुन्या वह्यांत पळणारे शेपूट नसलेले बारके छद्मविंचू, हे त्याचे चुलत भाऊ. पुस्तकात पेनाने दुरुस्त करून टाका.

प्रश्न: एवढा खर्च करून लांबच्या बेटांवर कशाला जायचं? सातपुड्यात कोळी कमी पडलेत का? इथलं कोणी बघत नाही आणि सगळे हवाई हवाई करतात. – अमळनेर

टोमणा मान्य. पण बेटांना एक गंमत आहे ती समजून घ्या, मग सातपुड्यावर येतो.

गिरणेच्या काठाला किंवा पाटचारीच्या गवतात एक लांबुळका कोळी असतो, पाय पुढे-मागे ताणून गवताच्या पात्याला चिकटून बसतो, टेट्राग्नाथा. जगभर आहे, सगळीकडे साधारण एकच धंदा, पाण्याजवळ गोल जाळं. हाच हवाईला पोचला. तिथं बाकीचे अनेक शिकारी पोचलेच नव्हते, म्हणजे बाजार उघडा आणि दुकानं रिकामी. मग ह्याच्या एका शाखेने जाळं विणणंच सोडून दिलं, पायांवर काटे आले आणि रात्री फिरून शिकार सुरू केली. त्यांच्यात चार प्रकार, हिरवे पानांवर, तपकिरी-लाल शेवाळावर, बारके तपकिरी काटक्यांवर, मोठे तपकिरी खोडाच्या सालीवर. आता बघा, हवाईची बेटं ज्वालामुखीची आणि एका ओळीत तयार झालेली, कौआई साधारण ५० लाख वर्षांचं आणि टोकाचं मोठं बेट ५ लाखही नाही. रोझमेरी गिलेस्पी ह्या बाईंनी वर्षानुवर्षं त्या जंगलात रात्री टॉर्च घेऊन काढली, आणि २००४ मध्ये दाखवलं की एका बेटावरचा हिरवा हा दुसऱ्या बेटावरच्या हिरव्याचा सख्खा भाऊ असेलच असं नाही, कितीदा तो त्याच्याच बेटावरच्या तपकिरी कोळ्याच्या जवळचा निघतो. म्हणजे तोच खेळ, तीच पात्रं, पण बेटाबेटावर नव्याने घडलेली. उत्क्रांती प्रयोग करून बघते आणि वय लिहून ठेवते अशी जागा दुसरीकडे कुठं मिळणार? सातपुड्यात सगळं चहूबाजूंनी येत-जात राहतं, गुंता सोडवता सोडवत नाही.

आपल्याकडची बेटं बघायची तर अंदमान-निकोबार आहेत. बी. के. टिकाडर ह्यांनी १९७७ मध्ये तिथल्या कोळ्यांवर काम छापलं, आणि भारतातले कोळी ओळखायला बसलेल्या माणसाला त्यांचं नाव टाळून पुढे जाताच येत नाही.

आता सातपुडा. कोणी बघत नाही म्हणता, तर एक गोष्ट सांगतो, कोळ्याची नाही, घुबडाची, पण मुद्दा तोच आहे. रानपिंगळा. शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ चा (क्राकाटोआच्या कोळ्याचंच साल बघा). त्या काळी डेव्हिडसन नावाचा साहेब खान्देशात सरकारी अधिकारी होता, संग्रहालयातले बरेचसे रानपिंगळे त्यानेच आपल्या भागातून पाठवलेले. नंतर पक्षी गायब. फक्त एक नमुना १९१४ चा, गुजरातेत मांडवीला धरलेला, असं लेबलवर लिहिलेलं आणि खाली मोठ्या ब्रिटिश अधिकाऱ्याचं नाव, माइनर्टझागन. लोक त्या लेबलवर भरवसा ठेवून भलत्या ठिकाणी शोधत राहिले. मग पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन बाईंनी तो पक्षी उकलून पाहिला, शिवण पाहिली, आणि निघालं की साहेबाने संग्रहालयातूनच जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, खोटं लेबल लावून स्वतःचा म्हणून ठेवलेला. त्यांनी ते लेबल बाजूला ठेवलं, खऱ्या लेबलांच्या मागे गेल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षी सापडला. कुठं? शहाद्याजवळ. ११३ वर्षांनी. पक्षी तिथंच होता हो, आपल्या सागाच्या रानात, चिठ्ठी खोटी होती.

प्रश्न: बेटावरचे प्राणी लवकर नष्ट होतात असं वाचलं, ते का? – शहादा

कारण पळायला जागा नाही आणि शत्रूची सवय नाही. सेंट हेलेना, जिथं नेपोलियनला ठेवलं होतं, तिथं आठ सेंटीमीटर लांबीची कानकिडी होती, जगात सगळ्यात मोठी. १९६७ नंतर जिवंत दिसली नाही, २०१४ मध्ये नामशेष म्हणून नोंद झाली. पोर्तुगालच्या मादेइरा बेटाजवळच्या डेझर्टा ग्रांदे बेटावर एक मोठा काळा लांडगा-कोळी आहे, अख्ख्या जगात त्याची एक दरी, आणि त्या दरीत बाहेरचं गवत असं माजलं की त्याला दगडाखाली शिरायला जागा नाही. गाजरगवत आठवा म्हणजे कळेल. ब्रिस्टलच्या प्राणीसंग्रहालयात त्याची पिल्लं वाढवली गेली.

आणि एक संपला की दुसऱ्याचं काहीही होऊ शकतं. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास झाडावर चढणारा तपकिरी साप पोचला, त्याने जंगलातले जवळपास सगळे पक्षी खाऊन टाकले. २०१२ मध्ये शेजारच्या बेटांशी तुलना करून कोळी मोजले तर पावसाळ्यात ग्वामवर ४० पट जास्त निघाले. तिथल्या जंगलात चालायचं तर पुढे काठी फिरवत चालतात.

एक गोष्ट मात्र चांगली संपली. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर हाताएवढा काडीकिडा होता. १९१८ मध्ये एक जहाज किनाऱ्याला लागलं, त्यातून उंदीर उतरले आणि थोड्याच वर्षांत किडा संपला. २००१ मध्ये २३ किलोमीटरवरच्या एका सुळक्यावर, बॉल्स पिरॅमिड, समुद्रातून नुसता दगड वर आलेला, तिथल्या एका झुडपाखाली असे चोवीस किडे मिळाले. पण दिसायला थोडे वेगळे. मग हा तोच की दुसरा? उत्तर कुठून मिळालं तर संग्रहालयातल्या शंभर वर्षं जुन्या, टाचणीला टोचलेल्या, लेबलवाल्या वाळक्या किड्यांच्या डीएनएमधून, २०१७ मध्ये. तोच आहे.

प्रश्न: आम्ही चार मित्र आहोत, आम्हाला कोळी गोळा करायचेत. सामान काय लागेल? – चोपडा

सामान घरातच आहे. उघडी छत्री उलटी धरा, वर फांदी, फांदीवर काठीने दोन रट्टे, छत्रीत काय काय पडतं बघा. पालापाचोळा जाड चाळणीतून पांढऱ्या चादरीवर चाळा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा, कचरा चालायला लागतो. रात्री कपाळाला टॉर्च बांधून बांधावर उभे राहा, गवतात हिरव्या ठिणग्या दिसतील, ते लांडगा-कोळ्याचे डोळे. बोरी-बाभळीवर मळकट कापसाचा गोळा दिसला तर त्यात शेकडो एकत्र राहणारे कोळी असतात, स्टेगोडिफस, भाऊबंदकी न करता एकत्र राहणारं खान्देशातलं बहुतेक एकमेव खटलं. बेटावर जाणारे मोठे संशोधकही ह्याच गोष्टी करतात, फक्त त्यांची छत्री महाग असते.

सुरुवात मोबाइलच्या फोटोंनी करा, धरायची घाई नको. वरून, पुढून डोळ्यांचा, आणि जमलं तर पोटाखालचा. यावल अभयारण्यात किंवा कुठल्याही राखीव जंगलात वनविभागाच्या परवानगीशिवाय काही उचलायचं नाही, हे गमतीत घेऊ नका.

आणि लेबल. कुठं, कधी, कोणी, कशावर सापडला. हे पेन्सिलने लिहायचं, कागद बाटलीच्या आत टाकायचा. पेन्सिलच. मी कॉलेजात नवीन लागलो तेव्हा सातपुड्यात पाल गावाला आणि तोरणमाळला तीन सुट्ट्या घालवून बेचाळीस बाटल्या भरल्या होत्या, सत्तर टक्के अल्कोहोल, प्रत्येकीत सुंदर अक्षरात चिठ्ठी, बॉलपेनची. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं तर बेचाळीस बाटल्यांत फिकट निळं पाणी आणि कोरे कागद. कोळी एकदम छान टिकलेले. त्यातले दोन मला तेव्हाही वेगळे वाटले होते आणि आजही वाटतात, पण पालचे की तोरणमाळचे, तेंदूवरचे की दगडाखालचे, कोणाला काय सांगू. बायको दर दिवाळीला विचारते की ह्या बाटल्या टाकायच्या का. मी नाही म्हणतो, आणि का ते मला नीट सांगता येत नाही.

आणि शेवटी, काडेपेटीवाल्या मित्रासाठी

कोणीतरी पोस्टाने काडेपेटी पाठवलीय. आत कापूस, कापसात कोळी, तीन पाय प्रवासात तुटले. चिठ्ठी नाही, नाव नाही. पूर्ण वाढलेला नर आहे, पल्प शाबूत आहेत, आणि मला तो लगेच ओळखू आलेला नाही, हे मी दोन दिवस भिंगाखाली बघून लिहितोय. पाकिटावर शिक्का पारोळ्याचा आहे, एवढंच कळतं. ज्याने पाठवला त्याने एक कार्ड टाकावं, कुठल्या गावाला, घरात की शेतात, कशावर बसला होता, आणि तारीख आठवत असेल तर तारीख. शाळेतला असशील तर घाबरू नको, कोणी रागावणार नाही. कोळी मी अल्कोहोलमध्ये ठेवलाय, आत पेन्सिलने लिहिलंय, "पारोळा?"